अटलांटाची खुर्ची नंबर १३६

(अभ्यासवर्गात केलेले भाषण. बोलण्यातले बरेचसे तसेच ठेवले आहे.)



आज मी एका आमदारकीच्या जागेबद्दल बोलणार आहे. ती जागा वरळीची नाही, धारावीची नाही, औरंगाबादचीही नाही. अमेरिकेत जॉर्जिया नावाचे राज्य आहे, त्याच्या विधानसभेचा १३६ नंबरचा मतदारसंघ. शहर अटलांटा. तुम्ही म्हणाल, आमच्या चाळीच्या नळाला पाणी नाही आणि हा निघाला अमेरिकेला! निघू द्या. तासाभरात परत आणून सोडतो.

आधी आपले आणि त्यांचे नाते सांगतो, म्हणजे कुणाला उसनवारी वाटायला नको. १९७२ साली मुंबईतल्या पोरांनी पँथर हे नाव घेतले ते काळ्या पँथरांकडून, हे सगळ्यांना पाठ आहे. पण तो पँथर आधी आला कुठून? तो आला मतपत्रिकेवरून. जॉर्जियाच्या शेजारी अलाबामा राज्य. तिथल्या लाउंड्स काऊंटीत काळ्यांनी १९६६ साली स्वतःचा पक्ष उभा केला. तिथे अक्षरओळख नसलेले मतदार पुष्कळ, म्हणून प्रत्येक पक्षाला निशाणी लागायची. अगदी आपल्यासारखेच. गोऱ्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाची तिथली निशाणी कोंबडा, आणि त्या कोंबड्याच्या जोडीला 'गोऱ्यांचे वर्चस्व' असे राजरोस छापलेले. त्या कोंबड्यासमोर काळ्यांनी पँथर उभा केला. कोंबडा कोण खातो ते सांगायला नको. हे चित्र घेतले होते अटलांटाच्या क्लार्क कॉलेजच्या बोधचिन्हावरून, आणि घेणारी पोरे स्निक या विद्यार्थी संघटनेची. आज मी ज्याच्याबद्दल बोलणार तो ज्युलियन बाँड याच स्निकचा प्रसिद्धिप्रमुख. आणि बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती, ते ड्यू बॉइस १९४४ पर्यंत याच शहरात अटलांटा विद्यापीठात शिकवत होते. त्या विद्यापीठाला लागून व्हाइन सिटी नावाची काळ्यांची वस्ती आहे. १३६ नंबर तिथलाच. म्हणजे मी काही परमुलखात आलेलो नाही.

आता मागे जायला पाहिजे, नाहीतर पुढचे समजत नाही.

गुलामी संपली. १८६८ साली जॉर्जियात नवी घटना झाली, काळ्यांना मत मिळाले आणि विधिमंडळात तेहतीस काळे निवडून आले. काही उपदेशक, काही कारागीर, काही जण तर चार-पाच वर्षांपूर्वी कुणाची तरी मालमत्ता असलेले. सप्टेंबर आला आणि गोऱ्या आमदारांनी डोके चालवले. काय म्हणाले? घटनेत काळ्याला मत देण्याचा हक्क लिहिला आहे, बरोबर. पण पदावर बसण्याचा हक्क कुठे लिहिला आहे? तेव्हा तुम्ही मत द्या, खुर्ची सोडा. झाले. ठराव आला आणि काळ्यांना सभागृहाबाहेर काढले. चौघे मात्र राहिले. का? तर त्यांचा रंग इतका उजळ होता की ते काळे असल्याचे सिद्ध करता येईना! आपल्याकडे जात अंगावर दिसत नाही म्हणून ती नावात, गावात, आडनावात शोधतात. तिथे कातडीवर दिसायची, तरी चौघांच्या बाबतीत कायदा गोंधळला. यावर हसावे की थुंकावे मला कळत नाही.

हेन्री टर्नर नावाचा एक धर्मोपदेशक आमदार होता. ३ सप्टेंबर १८६८ ला तो सभागृहात उठला आणि त्याने भाषण केले. मी माझ्या हक्कासाठी कुणासमोर वाकणार नाही, भीक मागणार नाही, असा त्याचा सूर होता. आपल्या वाडवडिलांनी पाटलाच्या वाड्यासमोर हात जोडून 'जोहार मायबाप' म्हटले ते ज्याला आठवते, त्याला या भाषणाची किंमत कळेल. भाषण झाले आणि ते लोक बाहेर पडले. दोन आठवडे गेले. १९ सप्टेंबरला कॅमिला गावात काळ्यांचा जथा सभेसाठी निघाला, त्यात हाकललेला आमदार फिलिप जॉइनर होता. गावात पाऊल टाकताच गोळीबार. डझनभराच्या आसपास माणसे मेली, जखमी त्याहून पुष्कळ जास्त. पुढे केंद्राने दांडका उगारला, १८७० साली काढलेले आमदार परत बसले. पण लष्कर आणि लक्ष दोन्ही निघून गेल्यावर गोऱ्यांनी एकेक दार बंद करत आणले. मतदानासाठी पट्टी भरा. पट्टी थकली तर मागची सगळी भरा. मग १९०८ ला वाचून दाखवा, जमीन दाखवा, आजोबा लढाईत होता का ते सांगा. १९०७ साली शेवटचा काळा आमदार राजीनामा देऊन घरी गेला. त्यानंतर १९६२ पर्यंत, पंचावन्न वर्षे, जॉर्जियाच्या विधिमंडळात काळा माणूस दिसायचा तो झाडू मारताना.

पण नुसत्या मतबंदीवर हे चालले नव्हते. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त शिकण्यासारखी गोष्ट वाटते ती पुढची. ती नीट ऐका, कारण ती गणिताची आहे आणि गणितात आपण नेहमी मार खातो.

जॉर्जियात १५९ काऊंट्या. काऊंटी म्हणजे आपला तालुका धरा. राज्यपालाची उमेदवारी ठरवताना मते मोजायची नाहीत, काऊंट्या मोजायच्या, असा कायदा त्यांनी १९१७ साली केला. सगळ्यात मोठ्या ८ काऊंट्यांना प्रत्येकी ६ गुण. पुढच्या ३० काऊंट्यांना ४. राहिलेल्या १२१ ना २. बेरीज ४१०. काऊंटीत जो पहिला आला त्याला त्या काऊंटीचे सगळे गुण. आता बघा. अटलांटा जिच्यात आहे त्या फुल्टन काऊंटीची १९६० ची लोकसंख्या ५,५६,३२६. तिला गुण ६. एकोल्स नावाची काऊंटी आहे, तिची लोकसंख्या १,८७६. तिला गुण २. म्हणजे अशा तीन चिमुकल्या काऊंट्या एका बाजूला आणि साडेपाच लाखांचे शहर दुसऱ्या बाजूला, काटा सरळ! एकोल्सचा एक माणूस बरोबर अटलांटाचे ९९. विधानसभेच्या जागाही याच मापाने, मोठ्या काऊंटीला ३, मधल्या काऊंटीला २, धाकटीला १. एकूण २०५ आमदार, त्यातले अटलांटाच्या काऊंटीचे तीन.

कुणासाठी हे? शहरात काळे होते, कामगार होते, युनियन होती. खेड्यात शेतमालक होता, त्याचा शेरीफ होता आणि त्याच्या धाकातली मजूर वस्ती होती. १९४६ साली टॅलमॅज नावाचा उघड वर्णद्वेष्टा राज्यपालपदाची उमेदवारी घेऊन गेला. लोकांची मते त्याच्या विरोधकाला जास्त पडली होती. टॅलमॅजकडे काऊंट्या जास्त होत्या. आणि हे कोणते वर्ष? ज्या वर्षी गोऱ्यांपुरती उमेदवार-निवडणूक कोर्टाने जॉर्जियात मोडली ते वर्ष. कोलंबस गावच्या प्रायमस किंग नावाच्या एका न्हाव्याने, तो उपदेशकही होता, १९४४ ला मतदानकेंद्रावर पाऊल टाकले, त्याला हाकलले, त्याने दावा लावला आणि तो जिंकला. एका न्हाव्याने दार उघडले. आत गेल्यावर काळ्यांना कळले की आत तराजूच खोटा आहे.

तो तराजू १९६२-६३ ला मोडला. फुल्टनच्याच सँडर्स नावाच्या मतदाराच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९६३ च्या मार्चमध्ये सांगितले की एका माणसाला एक मत म्हणजे एकच मत. मग जागांची फेरवाटणी आली. १९६२ ला सिनेटवर लिरॉय जॉन्सन हा पंचावन्न वर्षांनंतरचा पहिला काळा सदस्य निवडून आला. १९६५ ला विधानसभेचे नकाशे नव्याने निघाले, शहराच्या जागा कितीतरी पटीने वाढल्या, आणि वाढलेल्या जागांतली एक १३६.

तिथे उभा राहिला ज्युलियन बाँड. वय पंचवीस. तुमच्यातल्या पुष्कळांएवढा. हा शेतमजुराचा पोर नव्हता, बाप विद्यापीठाचा अध्यक्ष. कविता करायचा. कॉलेजात असताना मित्रांबरोबर 'पेगॅसस' नावाचे वाङ्मयीन नियतकालिकही काढलेले. म्हणजे आपल्याच जातीचा, लिटल मॅगझिनवाला! (तिकडच्या कवीला निवडणूक लढवता येते, इकडच्या कवीला फक्त निषेधाची पत्रके लिहिता येतात, असे माझे एक मित्र म्हणतात. त्यांच्याशी मी सहमत नाही, पण वाक्य सांगून टाकले.) १९६० साली लंच काऊंटरवर जाऊन बसणाऱ्या पोरांत तो होता, मग स्निकची पत्रके, वार्तापत्रे, वार्ताहरांचे फोन, हे सगळे तो बघायचा.

निवडणुकीत त्याने घरोघर फिरून विचारले, तुम्हाला काय पाहिजे? हा प्रश्न साधा वाटतो. आपल्या वस्तीत उमेदवार येतो तो काय देणार ते सांगत येतो. सतरंजी, वाचनालयाला कपाट, जयंतीची वर्गणी. काय पाहिजे हे विचारत नाही, कारण मग उत्तर ऐकावे लागते. व्हाइन सिटीच्या लोकांनी मजुरी सांगितली, घरे सांगितली. किमान मजुरी तासाला दोन डॉलर, हे त्याच्या मागण्यांतले एक कलम झाले. जून १९६५ ला तो मोठ्या बहुमताने निवडून आला.

जागा सुरू व्हायची होती १० जानेवारी १९६६ ला. त्याआधी आठवडाभर काय झाले ते पाहा. ३ जानेवारीला अलाबामातल्या टस्कीगी गावात सॅमी यंग नावाच्या स्निकच्या पोराला गोळी घातली. पेट्रोलपंपावर. कारण काय, तर गोऱ्यांसाठी राखलेली मुतारी वापरायला गेला. तोही नौदलात नोकरी करून आलेला. ६ तारखेला स्निकने पत्रक काढले. व्हिएतनामच्या युद्धाला विरोध. इथे ज्यांना मुतारी नाही त्यांना तिथे कुणाच्या स्वातंत्र्यासाठी पाठवता, असा त्याचा मथितार्थ. ते पत्रक बाँडने लिहिलेले नव्हते. रेडिओच्या वार्ताहराने त्याला फोन केला, तुला हे मान्य आहे का? तो म्हणाला, मान्य आहे.

एवढेच. 'मान्य आहे.'

पंच्याहत्तर आमदारांनी अर्ज केले की याला बसू देऊ नका. १० तारखेला हा शपथ घ्यायला उभा, आणि सचिवाने शपथच दिली नाही. दिवसभर सुनावणी. त्याच्या मुलाखतीची टेप सभागृहात वाजवली. विचारले, सैन्यभरतीची कार्डे जाळणाऱ्यांचे तुला कौतुक आहे का? तो म्हणाला, मी माझे जाळणार नाही, पण परिणाम माहीत असून जे जाळतात त्यांच्या धैर्याचे मला कौतुक आहे. आता आरोप बघा कसा सजवला. घटनेशी निष्ठेची शपथ घ्यायला हा तयार आहे, पण त्याची शपथ खरी असू शकत नाही. म्हणजे शपथ घेतली तरी खोटी, नाही घेतली तर गद्दार. हे ऐकून कुणाला आपल्याकडच्या देशभक्तीच्या परीक्षा आठवल्या तर तो माझा दोष नाही.

त्याला वाचण्याची वाट होती. शब्द थोडे मऊ कर, खुलासा कर, बस. समजूत घालणाऱ्यांत गोरे होते तसे आपले म्हणावेत असे काळेही होते, आणि त्यांना मी सरसकट शिव्या देणार नाही. पंचावन्न वर्षांनी दार उघडले होते. ते पुन्हा आपटेल ही भीती खोटी नव्हती. बाँडने मऊ केले नाही. मते पडली १८४ विरुद्ध १२. जागा रिकामी.

१८६८ ला म्हणाले, मत तुझे, खुर्ची नाही. १९६६ ला म्हणाले, खुर्ची तुझी, तोंड नाही. शंभराला दोन वर्षे कमी.

पुढची गंमत म्हणजे १३६ चे मतदार. फेब्रुवारीत त्या जागेसाठी पोटनिवडणूक लावली. लोकांनी बाँडलाच परत दिला. सभागृहाने परत नाकारला. नोव्हेंबरला सार्वत्रिक निवडणूक झाली. पुन्हा बाँड. त्याच्या मतदारसंघात एक मतदार राहायचा, मार्टिन ल्यूथर किंग. तो व्हाइन सिटीत राहायला आला होता. त्याने या जागेसाठी राजभवनावर मोर्चा नेला आणि मतदार म्हणून खटल्यात वादीही झाला, की माझा आमदार मला द्या. मला हे फार महत्त्वाचे वाटते. बाँड म्हणाला नाही, माझी खुर्ची द्या. मतदार म्हणाले, आमचा माणूस द्या. खालच्या कोर्टात दोन विरुद्ध एक असा बाँड हरला. ५ डिसेंबर १९६६ ला सुप्रीम कोर्टाने सगळ्या न्यायमूर्तींच्या एकमताने सांगितले की आमदार झाला म्हणून माणसाचे बोलण्याचे स्वातंत्र्य साध्या नागरिकापेक्षा आखूड होत नाही, उलट वादाच्या प्रश्नावर बोलायला त्याला जास्तीत जास्त मोकळीक पाहिजे. ९ जानेवारी १९६७ ला तो बसला. आणि त्याच जानेवारीत त्याच विधिमंडळाने राज्यपाल निवडला तो लेस्टर मॅडॉक्स, ज्याने आपल्या खानावळीत काळे येऊ नयेत म्हणून कुदळीचे दांडे दाखवले होते. तेव्हा कोर्टाने जिंकून दिले म्हणून पेढे वाटू नका.

आता परत आपल्या गल्लीत येऊ.

आपले १८६८ कोणते? मी म्हणतो १९३२. ऑगस्टमध्ये जातीय निवाड्याने आपल्याला प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा दिल्या आणि स्वतंत्र मतदारसंघ दिला. आपला माणूस आपण निवडायचा. गांधींनी उपोषण केले. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. जागा ७१ च्या १४८ झाल्या. जागा दुप्पट! आणि निवडणारा बदलला. आधी आपण चौघे निवडायचे, मग त्या चौघांतला एक सगळ्या गावाने निवडायचा, आणि ती आधीची निवडही दहा वर्षांपुरती. जॉर्जियात एकोल्सच्या एका माणसाचे ९९ झाले, इथे आपल्या मताचे मोल कमी करायला कुणाला गुणांची पट्टी लागली नाही, गावाची लोकसंख्या पुरली. १९५२ ला उत्तर मुंबईतून राखीव जागेवर बाबासाहेब पडले आणि काजरोळकर आले. १९५४ ला भंडाऱ्यातही पडले. घटना लिहिणारा माणूस आपल्यासाठी राखलेल्या जागेवरून हरतो, हे गणित मास्तराने शाळेत कधी शिकवले नाही. कांशीराम यांनी पुणे कराराला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९८२ ला, 'चमचा युग' लिहिले ते याच गणितावर.

आणि तोंडाचे काय? १९८५ ला पक्षांतरबंदी आली. आयाराम-गयाराम थांबायला पाहिजे होते, कबूल. पण तिचा एक अर्थ असा की पक्षाने व्हिप काढला आणि आपल्या राखीव जागेवरच्या आमदाराने त्याविरुद्ध मत दिले, तर आमदारकी जाऊ शकते. वस्तीवर बुलडोझर आणणारे विधेयक असले तरी. बाँडला बसू दिले नाही ते त्याने तोंड उघडले म्हणून. आपल्याला बसू देतात ते आधीच तोंड बांधून. मला विचाराल तर पहिले परवडले, कारण त्यात निदान भांडण दिसते.

यावर काही मित्र म्हणतात, म्हणून बहिष्कार. १९७४ च्या जानेवारीत मध्य-दक्षिण मुंबईच्या पोटनिवडणुकीत पँथरने बहिष्कार पुकारला होता. वरळी पेटली, परळला भागवत जाधव गेला, आणि सत्ताधारी काँग्रेसचा उमेदवार पडलाही. मत न देणे हेसुद्धा मोजता येते, हे त्या निवडणुकीने दाखवले. मी बहिष्काराला पळपुटेपणा म्हणत नाही. पण १३६ च्या लोकांनी एका वर्षात त्याच माणसाला पुन्हा पुन्हा पाठवले, हा बहिष्काराच्या उलट टोकाचा आणि तितकाच चिवट प्रकार आहे. दोन्हीसाठी एकच गोष्ट आधी लागते, ती म्हणजे वस्तीत घरोघर ओळख असलेली संघटना. ती नसेल तर बहिष्कारही फुकट आणि मतही फुकट.

१३६ चे पुढे काय झाले? बाँड विधानसभेत १९७५ पर्यंत होता, मग १९८७ पर्यंत सिनेटमध्ये. १९६७ साली त्याने व्हिएतनामवर चित्रकथेचे पुस्तक लिहिले, ते आपल्या कुणीतरी बघायला पाहिजे. १९६८ ला शिकागोच्या अधिवेशनात उपाध्यक्षपदासाठी त्याचे नाव सुचवले गेले, तर वय कमी निघाले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने अटलांटासाठी काळ्या बहुमताचा लोकसभेसारखा मतदारसंघ मिळावा म्हणून नकाशांची लढाई केली, तिथेही कोर्टात जावे लागले. १९८६ ला त्या जागेवर उभा राहिला आणि हरला, स्निकमधलाच जुना सोबती जॉन लुईस याच्याकडून. लुईस ती जागा २०२० ला मरेपर्यंत सांभाळून होता. बाँड गेला २०१५ ला, तारीख १५ ऑगस्ट. १८६८ च्या तेहतिसांचे एक शिल्प सत्तरच्या दशकात राजभवनाच्या आवारात उभे राहिले. ज्या विधिमंडळाने हाकलले त्याच्याच दारासमोर.

आणि १३६ नंबर अटलांटात राहिला नाही. नकाशे पुन्हा पुन्हा निघाले, आता सभागृह १८० चे आहे आणि १३६ हा आकडा भलत्याच भागाला चिकटलेला आहे. २०१३ ला सुप्रीम कोर्टाने मतहक्क कायद्यातले ते कलम निकामी केले, ज्यामुळे जॉर्जियासारख्या राज्यांना नवा नकाशा आधी केंद्राला दाखवावा लागे. २०२१ ला जॉर्जियाने नकाशे काढले. ऑक्टोबर २०२३ ला केंद्रीय न्यायाधीशाने सांगितले की यात काळ्यांच्या मताची ताकद पातळ केली आहे, सिनेटच्या दोन आणि विधानसभेच्या पाच काळ्या बहुमताच्या जागा वाढवा. डिसेंबरात परत नकाशा. एक रेघ गल्लीच्या अलीकडून घ्यायची की पलीकडून, यावर तिकडे माणसे वर्षानुवर्षे कोर्टात भांडतात. आपल्याकडे २००८ ची फेररचना झाली तेव्हा महाराष्ट्रात २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींना राखल्या गेल्या. कुठल्या वस्त्या कुठल्या मतदारसंघात गेल्या, कुठली दलित वस्ती मधोमध चिरली, कुठे आपण ऐंशी टक्के एका जागी कोंबले गेलो आणि कुठे दहा-दहा टक्के चार जागी विखुरलो, हे या खोलीत बसलेल्या किती जणांना माहीत आहे? हात वर करा. बघा.

म्हणून पुढच्या रविवारी येताना प्रत्येकाने आपापल्या मतदारसंघाची मतदारयादी आणि हद्दीचा तपशील आणायचा. यादी भागनिहाय असते, ती मिळते. विधानसभेची कार्यवाहीही छापली जाते. ज्यांचा आमदार राखीव जागेवरचा आहे त्यांनी ती काढायची, आणि तो गेल्या अधिवेशनात किती वेळा उठला, काय बोलला, कुठल्या विधेयकावर गप्प बसला, ते वहीत उतरवून आणायचे. भायखळ्याच्या आणि चेंबूरच्या पोरांनी नकाशाचे काम घ्यावे, त्यांच्याकडे रेघा मारणारे दोन जण आहेत. चहा झाला की नावे लिहून घेतो.